गाणारा लावा

पायाखालच्या गवतातून एकाएकी फडफडत उठावे आणि थोड्या अंतरावर पुन्हा गवतात दिसेनासे व्हावे, ही लाव्याची रीत आपल्याकडील माळरानावर हिंडणारास परिचित असते. याच लाव्याचा जपानातील भाऊबंद मनुष्याच्या घरी कसा आला आणि तेथे त्याने काय गमावले, हा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

जपानात लावे पाळल्याचे लेखी उल्लेख १२ व्या शतकापासून सापडतात. रानातला लावा शिकाऱ्याच्या वाट्याला जाई. पिंजऱ्यातला मात्र पाळला जाई तो त्याच्या स्वरासाठी. एदो राजवटीत, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात, सामुराई योद्ध्यांमध्ये हा शौक विशेष बळावला. सुरेख पिंजऱ्यांतून नर आणावेत, त्यांच्या स्वरांच्या स्पर्धा लावाव्यात, आणि उत्तम गाणाऱ्याचा वंश निगुतीने राखावा, असा तो छंद होता.

पुढे काळ पालटला. १९१० च्या सुमारास अंड्यांसाठी निवड सुरू झाली. सुमारे १७ दिवसांत अंडे फुटते आणि मादी दीड-दोन महिन्यांची होताच अंडी घालू लागते, हा लाभ थोडा नव्हे. तोक्यो, नागोया, तोयोहाशी या भागांत हा धंदा भरभराटीस आला. इतक्यात दुसरे महायुद्ध आले आणि पाळीव लाव्यांची जवळजवळ वाताहत झाली. १९४५ नंतर उरल्यासुरल्या पक्ष्यांपासून अंड्यांचा वंश पुन्हा उभा राहिला. गाणाऱ्यांचा मात्र कायमचा बुडाला. नर आजही साद घालतो, पण पिढ्यानुपिढ्या निवडून घडविलेला तो स्वर गेला तो गेलाच.

१९७४ साली हा पाळीव लावा कॅलिफोर्नियातून हिंदुस्थानात, इज्जतनगर येथे आला. वन्य पक्ष्यांना १९७२ च्या कायद्याने संरक्षण दिले होतेच; खाणाऱ्यांच्या ताटासाठी हा पाळीव पर्याय मिळाला.

परंतु खुराड्यातील विपुलतेने रानाची तूट भरून निघत नाही. खुद्द जपानात वन्य लावे इतके घटले की २०१३ साली त्यांचे नाव शिकारीच्या पक्ष्यांच्या यादीतून काढावे लागले. मनुष्य घरात तेवढेच राखतो, जेवढे त्यास त्या घटकेला हवे असते. बाकीचे सारे रानानेच राखावयाचे. आणि म्हणूनच रान राखणे अगत्याचे.