भूकंपोत्तर निवारा

भूकंपोत्तर निवारा : भूकंपाने घरे कोसळल्यानंतर कायमची घरे मिळेपर्यंत आपद्‌ग्रस्तांच्या राहण्याची केलेली तात्पुरती सोय. निवारा कसा बांधावा याइतकाच तो कोठे उभारावा हा प्रश्न महत्त्वाचा असून, महाराष्ट्रात तो किल्लारीच्या भूकंपानंतर (१९९३) प्रकर्षाने पुढे आला.

निवाऱ्यासाठी जागा निवडण्याची परंपरा या प्रदेशात जुनी आहे. अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, घाटाच्या वाटेवर फर्दापूर येथे मोगलकालीन सराई आहे. तिची जागा वाटसरूच्या सोयीने ठरली. भूकंपग्रस्ताची गरज मात्र निराळी असते. त्याचे शेत, गुरे आणि ढिगाऱ्याखालील चीजवस्तू जागच्या जागीच असतात. म्हणून लांबची छावणी कितीही नीटनेटकी असली, तरी तो तेथे जाण्यास सहसा राजी नसतो.

कोयनानगरच्या भूकंपाने (११ डिसेंबर १९६७) दख्खनचे पठार भूकंपमुक्त असल्याच्या समजुतीस पहिला मोठा धक्का दिला. त्यात सु. १८० माणसे दगावली. तथापि १९८४ च्या भूकंपविभाग-नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या विभागातच होता. १९९२ मध्ये त्या भागाला वारंवार धक्के जाणवले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३·५६ वाजता ६·२ महत्तेचा भूकंप होऊन लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत सु. ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील माळवदाचे ओझे हेच झोपलेल्यांच्या अंगावर आले.

वाचलेल्यांसाठी पत्र्याच्या शेड उभारण्यात आल्या. खरिपाची पिके उभी होती, रब्बी ज्वारीच्या पेरणीचे दिवस होते. तेव्हा निवारा शिवारालगत असणे ही केवळ भावनेची बाब नव्हती. दुसरीकडे, गावाशेजारची मोकळी जमीन बहुधा काळ्या मातीची. ही माती पावसात फुगते व उन्हात भेगाळते. ओढ्याकाठ आणि तग धरून राहिलेल्या भिंतींचा आसपासचा भागही वर्ज्य. उरते ते उंचवट्यावरील मुरमाड गायरान. पण तेथे पाणी मिळेलच असे नाही. तात्पुरत्या म्हटलेल्या शेडमध्ये अनेक कुटुंबांना वर्षाहून अधिक काळ काढावा लागला.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौ. फुटांची घरे मिळाली. रुंद, काटकोनी रस्त्यांमुळे नवी गावे जुन्यांच्या कितीतरी पट पसरली. भूकंपदृष्ट्या ही घरे निःसंशय अधिक सुरक्षित. परंतु शेत लांब पडले, जुने शेजार विखुरले, गुरांसाठी व धान्यासाठी घरालगत पुन्हा पत्रे उभे राहिले. याउलट कमी हानी झालेल्या गावांत घरे जागेवरच दुरुस्त केल्याने कुटुंबे आपल्याच अंगणात राहू शकली. गुजरातेत २००१ च्या भुज भूकंपानंतर मूळ जागी, घरमालकाकरवी बांधणीवर अधिक भर दिला गेला.

१९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्फिअर’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या मानकांनुसार छावणीत माणशी किमान ३·५ चौ. मी. छताखालील जागा, मोकळ्या जागेसह ४५ चौ. मी. क्षेत्र आणि ५०० मी. च्या आत पाणी असावे लागते. दोनशे कुटुंबांच्या गावाला, घरटी पाच माणसे धरल्यास, सु. साडेचार हेक्टर जमीन लागते. एवढे सलग गायरान अतिक्रमणांनंतर फार थोड्या गावांत उरलेले असते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियमान्वये (२००५) जिल्हा आराखडा करणे आवश्यक ठरले. अशा जागांची नोंद त्यात आधीच असणे इष्ट होय. २००२ च्या सुधारित नकाशात किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात घालण्यात आला, तर फर्दापूरचा भाग दुसऱ्या विभागात राहिला. पहिला विभाग मात्र त्या नकाशातून वगळण्यात आला.