हमीदा बानूच्या कुस्त्या खऱ्या होत्या का?

१ मिनिट ३४ सेकंद. मे १९५४ मध्ये बडोद्याला हमीदा बानूने बाबा पहिलवानाला एवढ्या वेळात हरवलं, असं तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी छापलं. बाबा पहिलवानाने त्यानंतर कुस्तीच सोडली. ४ मे २०२४ ला गूगलने तिच्यावर डूडल केलं तेव्हा हा आकडा पुन्हा फिरायला लागला. मला चार जणांनी एकच लिंक पाठवली, ‘तुझ्या विषयातलं आहे बघ’ म्हणून. विषयातलं आहेच. मुंबई राज्यात तिकीट लावून होणाऱ्या कुस्त्या हाच माझा विषय. पण ती लिंक वाचून मला आनंदापेक्षा चिडचिडच जास्त झाली. ‘काळाच्या पुढची वाघीण’ एवढं म्हणून सगळे मोकळे झाले होते. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर या बाईच्या निमित्ताने थोडं थांबून बघू.

आधी जेवढं हाताशी आहे तेवढं. जन्म उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरचा. सलाम पहिलवान नावाच्या वस्तादाकडे शिकायला ती अलीगढला गेली, आणि पुढे वर्तमानपत्रांनी तिला ‘अलीगढची अ‍ॅमेझॉन’ करून टाकलं. फेब्रुवारी १९५४ मध्ये तिने जाहीर आव्हान दिलं: जो मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक असे दोन मल्ल तिने पाडले आणि मग ती बडोद्याला आली. तिथे आधी जोड ठरली होती छोट्या गामाशी. त्याला बडोद्याच्या महाराजांचा आश्रय होता. बाईशी लढणार नाही म्हणून तो मागे हटला आणि त्याच्या जागी बाबा पहिलवान आला. तोवर आपण ३२० कुस्त्या जिंकल्याचं ती सांगत होती. त्याच वर्षी मुंबईत वेरा चिस्टिलिन या ‘रशियन अस्वलीण’ म्हणून जाहिरात झालेल्या बाईला तिने मिनिटभराच्या आत हरवलं.

आता तिचा खुराक बघा. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो, आणि रोज ५.६ लिटर दूध, २.८ लिटर सूप, १.८ लिटर फळांचा रस. शिवाय कोंबडी, किलोभर मटण, बदाम, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, दोन मोठे पाव आणि दोन ताटं बिर्याणी. हे वाचून सगळे ‘बापरे’ म्हणतात आणि पुढे जातात. मी त्या दशांश चिन्हापाशी अडकले. १९५४ साली भारतात दूध लिटरवर मोजत नव्हते. मेट्रिक मापांचा कायदाच १९५६ चा. प्रमाण शेर म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. मग ५.६ म्हणजे सहा शेर, २.८ म्हणजे तीन शेर, आणि १.८ म्हणजे जवळपास दोन शेर. सहा, तीन, दोन. कुणीतरी तोंडी सांगितलेले, ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतील असे हे गोल आकडे असणार. मापं बदलताना त्यांना दशांश चिकटलं आणि ते एकदम प्रयोगशाळेतून आल्यासारखे दिसायला लागले. पहिलवानाचा खुराक हा तेव्हाच्या जाहिरातीचाच भाग असायचा, पुरुषांच्या बाबतीतही. त्यामुळे खुराकाच्या यादीवरून ती किती खायची हे कळत नाही, तिला कसं विकलं जात होतं हे मात्र छान कळतं.

हे एकदा मान्य केलं की पुढचा प्रश्न अपरिहार्य असतो, आणि माझ्या पहिल्याच सादरीकरणात तो मागच्या बाकावरून आलाही: ‘मग कुस्त्या तरी खऱ्या होत्या का?’

मी सुरुवातीला दोन-तीन महिने याच प्रश्नामागे घालवले. पुरावा दोन्हीकडे जातो, हीच अडचण. रणजय सेन यांच्या भारतीय खेळांच्या इतिहासावरच्या ‘नेशन अ‍ॅट प्ले’ या पुस्तकात अशा एका कार्यक्रमाचा उल्लेख आहे. हमीदा बानूच्या कुस्तीनंतर तिथे एका लंगड्या आणि एका आंधळ्या पहिलवानाची कुस्ती ठेवली होती, आणि आंधळ्याने दाढ दुखते म्हणून सांगितल्यावर दुसऱ्याला विजयी ठरवलं गेलं. म्हणजे हे मैदान आणि तमाशाचा फड यांतलं अंतर फार नव्हतं. दुसरीकडे १९४४ चं मुंबईतलं प्रकरण घ्या. गुंगा पहिलवानाशी तिची कुस्ती बघायला २०,००० लोक जमल्याचं ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने लिहिलं. आयत्या वेळी गुंगाने जास्त पैसे आणि तयारीला जास्त वेळ मागितला, कुस्ती रद्द झाली आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी स्टेडियमची मोडतोड केली. सगळं आधीच ठरलेलं असतं, तर गुंगाला तयारीला वेळ कशाला हवा होता? की ती मागणी म्हणजे पैसे वाढवायची युक्ती होती? दोन्ही अर्थ लागतात. कुठलीही बातमी घ्या, ती दोन्ही बाजूंनी वाजते.

कोल्हापूरचं उदाहरण तर माझ्या नेहमी मनात येतं, कारण माझं आजोळ तिकडचं. तिथे तिने एका पुरुष मल्लाला हरवल्यावर लोकांनी हुर्यो उडवली, दगडफेक केली, पोलीस बोलवावे लागले. लोकांचं म्हणणं, ही नुरा कुस्ती आहे. आता कोल्हापूरचा प्रेक्षक म्हणजे कुस्तीतला जाणकार, १९१२ पासून खासबागेचं मैदान बघितलेला. त्याला खोटी कुस्ती ओळखता येते असं म्हणायचं, की बाईने पुरुषाला पाडलेलं त्याला ‘खोटं’च वाटणार असं म्हणायचं? मी पहिल्या मसुद्यात दुसरं लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहून परत दिलं: ‘हे तुम्हाला कसं कळलं?’ रागच आला होता. पण खरंच, मला ते कळलेलं नव्हतं, आवडलेलं होतं.

मग प्रश्न थोडा सरकवून बघितला. कुस्ती खरी की खोटी, हे सत्तर वर्षांनी मला ठरवता येणार नाही. पण ‘खोटी’ हा आरोप कुणी, कुणावर, कधी केला आणि त्याचं फळ कुणी भोगलं, याची कागदावर खूण राहते. ती शोधली तर चित्र बरंच वेगळं दिसतं. पुण्यात रामचंद्र साळुंके या मल्लाबरोबर तिची कुस्ती ठरली होती. राष्ट्रीय तालीम संघाने हरकत घेतल्यामुळे ती रद्द झाली. हमीदा बानूने थेट मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली, की मला कुस्ती खेळू दिली जात नाही. मोरारजींचं उत्तर वाचण्यासारखं आहे: बंदी ती बाई आहे म्हणून नाही, तर ठेकेदार तिच्यासमोर ‘डमी’ मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून.

या उत्तरापाशी जरा थांबा. दोष ठेकेदाराचा. लबाडी, झालीच असेल तर, समोर उभ्या केलेल्या पुरुष मल्लाची. आणि मैदान बंद कुणाला? जिच्यावर थेट आरोपच नाही, तिला. याच काळात मुंबईत किंगकाँग, दारासिंग यांच्या ‘फ्रीस्टाइल’ लढतींची तिकिटं खपत होती, आणि त्या लढती ठरवलेल्या असतात ही कुजबुज त्यांच्याबद्दलही होतीच. कुजबुजीमुळे त्यांचा धंदा काही बंद पडला नाही. मोरारजी खोटं बोलत होते असं मी म्हणत नाही; तक्रारी आल्याही असतील. पण सरकारी उत्तरात ‘बाई आहे म्हणून नाही’ असं मुद्दाम लिहावं लागतं, तेव्हा ‘बाई आहे म्हणून’ हा आरोप कुणीतरी टेबलावर ठेवलेला असतो. इथे तो तिनेच ठेवला होता. आव्हानं, खुराक, बिरुदं या सगळ्या ठेकेदारी भाषेच्या ढिगाऱ्यात ही तक्रार हीच मला तिच्या स्वतःच्या आवाजाच्या सगळ्यात जवळची वाटते.

१९५४ मध्येच तिने युरोपात जाऊन लढणार असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर कुस्तीच्या बातम्यांतून ती जवळजवळ नाहीशी होते. इथून पुढे वर्तमानपत्र संपतं आणि आठवणी सुरू होतात. तिच्या नातवाने पत्रकारांना सांगितलेली हकीकत अशी, की सलाम पहिलवानाला तिचं युरोपला जाणं मान्य नव्हतं. तिला थांबवण्यासाठी त्याने तिला मारहाण केली, त्यात तिचे हात मोडले. शेजारी राहिलेल्या एकाला पाय आठवतात. ती कितीतरी वर्षं काठीशिवाय नीट चालू शकत नव्हती, असं तो सांगतो. सलामची मुलगी तिला सावत्र आई म्हणते, दोघांचं लग्न झालं होतं म्हणते. नातू म्हणतो, ती त्याच्याबरोबर राहिली पण लग्न कधीच झालं नाही.

तुम्ही मौखिक इतिहासाचं काम करणार असाल, तर अशा ठिकाणी एक मोह होतो: हात की पाय, लग्न की नाही, यातलं एक निवडून टाकायचं. मी निवडलेलं नाही. हात की पाय यावर लोक वेगळे पडतात, मारलं यावर नाही, एवढं मी माझ्या मसुद्यात लिहिलंय. आणि लग्नाबद्दलच्या दोन्ही हकीकती शेजारी शेजारी ठेवल्यात. जिने हरवणाऱ्याशी लग्न करीन असं गावोगाव जाहीर केलं, तिच्या लग्नाबद्दल घरातलेच दोघे एकमत नाहीत, हे मला कुठल्याही एका ‘खऱ्या’ उत्तरापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

हे सगळं घडलं ते कल्याणला. तिथे दोघांचा दुधाचा धंदा होता. १९७७ मध्ये सलाम अलीगढला परत गेला. ती कल्याणलाच राहिली. दूध विकलं, काही खोल्या भाड्याने दिल्या, पैसे संपले तेव्हा घरी केलेले खाण्याचे पदार्थ रस्त्याच्या कडेला बसून विकले. १९८६ मध्ये ती गेली. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. त्या दिवशीच्या माझ्या वहीत मी फक्त ‘कल्याण – सांगली, ३७ वर्षं’ एवढंच लिहून ठेवलंय. त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

बडोद्याच्या त्या ९४ सेकंदांबद्दल लिहिणारे खूप आहेत. कल्याणच्या तीसेक वर्षांबद्दल छापलेलं जवळपास काही नाही, आणि तिच्या आयुष्याचा कुस्तीइतकाच मोठा भाग तो आहे. दुधाचा धंदा म्हणजे परवाना आलाच, भाड्याच्या खोल्या म्हणजे घरपट्टी आली, भाडेकरू आले. मालमत्तेच्या जुन्या नोंदवह्या बघायला मिळाव्यात म्हणून मी अर्ज टाकलाय. तिथल्या कारकुनाने पहिल्याच दिवशी विचारलं, ‘नाव काय म्हणालात? आणि बाईंचा धंदा काय होता?’ मी म्हटलं, दूध.