घरी बांधलेली माशी : अमेरिकेतील बास-मासेमारी आणि वस्तूंचा इतिहास

प्रस्तुत टिपणात ‘माशी’ हा शब्द एका विशिष्ट अर्थाने वापरला आहे. गळाच्या दांडीवर दोरा गुंडाळत जायचे आणि त्या दोऱ्यात पिसे, केस, लोकर अडकवून माशाला फसवणारे खोटे आमिष तयार करायचे. या आमिषाला माशी म्हणतात. मराठीत मासा आणि माशी हे शब्द इतके जवळचे आहेत की घोटाळा व्हायला नको, म्हणून आधीच सांगितले.

ही वस्तू बहुधा घरात, रिकाम्या वेळात बनते. त्यामुळे तिची कागदपत्रे फारशी राहत नाहीत. मग तिचा इतिहास कसा लिहायचा? ‘ब्लॅक बास’ या माशाच्या निमित्ताने हा प्रश्न पाहू. हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील गोड्या पाण्याचा मासा आहे. मोठ्या तोंडाचा आणि लहान तोंडाचा या त्याच्या दोन प्रमुख जाती. बेडूक, झिंगे, लहान मासे, किडे असे जे सापडेल ते तो खातो. म्हणून बासची माशी ट्राउटच्या नाजूक माशीसारखी नसते. ती मोठी, झुपकेदार आणि अनेकदा भडक रंगाची असते.

बार्ट्रामचा झुपका

विल्यम बार्ट्राम हा वनस्पतिशास्त्रज्ञ १७७३ ते १७७७ या काळात अमेरिकेच्या दक्षिण भागात फिरला. त्याचे प्रवासवर्णन १७९१ मध्ये फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले. त्यात फ्लोरिडातील मासेमारीची एक पद्धत आली आहे. लहान होडीत दोघे बसतात. एक होडी वळवतो, तर दुसऱ्याच्या हातात दहा-बारा फुटांची काठी असते. काठीला जेमतेम वीस इंचांची दोरी, आणि दोरीच्या टोकाला पाठीला पाठ लावून बांधलेले तीन मोठे गळ. गळांवर हरणाच्या शेपटीचे पांढरे केस, तांबड्या कापडाच्या चिंध्या आणि रंगीत पिसे यांचा मुठीएवढा झुपका. तो पाण्यावर नाचवला की मासा झडप घालतो. बार्ट्राम त्या माशाला ट्राउट म्हणतो, पण वर्णन मोठ्या तोंडाच्या बासचे आहे.

हे साधन पुढे अनेकांनी सेमिनोल लोकांचे म्हणून सांगितले. पण बार्ट्रामच्या या वर्णनात काठी धरणाऱ्याचे नाव येत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबले पाहिजे. बासच्या माशीचा इतिहास पुष्कळदा एकोणिसाव्या शतकातील ग्रंथकारांपासून सुरू होतो, याचे एक कारण त्यांची नावे छापली गेली, हे आहे.

हरणाचेच केस का? या केसाच्या आत हवेचे असंख्य सूक्ष्म कप्पे असतात, म्हणून तो तरंगतो. शिवाय केसांच्या जुडीवर दोरा आवळला की केस दबतात आणि चहूकडे उभे राहतात. अशा जुड्या एकापुढे एक दाटीने बसवायच्या आणि कात्रीने कातरून बेडकाचा किंवा किड्याचा आकार द्यायचा, एवढेच तंत्र. त्याला यंत्र लागत नाही, महाग सामान लागत नाही. शिकारीतून उरलेले हरणाचे कातडे पुरते. बास-माशी शेतकऱ्याच्या घरातही का बांधली जाऊ शकली, याचे उत्तर या केसात आहे.

रेल्वे, डॉक्टर आणि कारखाना

बासचा प्रसार माणसांनी केला. १८५४ मध्ये बाल्टिमोर आणि ओहायो रेल्वेच्या इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून हे मासे पोटोमॅक नदीच्या खोऱ्यात नेऊन सोडण्यात आले. रेल्वेमुळे धान्य हलले, सैन्य हलले हे आपण वाचतो, मासेही हलले. तरीही पूर्वेकडील प्रतिष्ठित शौकिनांच्या लेखी खरा मासा ट्राउट किंवा सामन. जेम्स हेन्शल या डॉक्टरांनी १८८१ मध्ये फक्त ब्लॅक बासवर एक जाडजूड ग्रंथ लिहून या मानापमानाला आव्हान दिले.

व्हरमाँट राज्यातील मँचेस्टर गावी १८५६ पासून ऑर्व्हिस यांचा मासेमारीच्या साहित्याचा व्यवसाय होता. त्यांच्या कन्या मेरी ऑर्व्हिस मार्बरी यांनी १८७६ मध्ये माश्या बांधण्याच्या विभागाची जबाबदारी घेतली. तेथे बांधणीचे काम स्त्रिया करीत. अडचण अशी होती की एकाच माशीला गावोगावी वेगळी नावे, आणि एकाच नावाच्या वेगळ्या माश्या. टपालाने आलेली मागणी पुरवायची कशी? मार्बरी यांनी देशभरातील मासेमारांची पत्रे जमवून १८९२ मध्ये रंगीत चित्रांसह ग्रंथ काढला. त्यात बास-माश्यांना स्वतंत्र जागा आहे. घरोघरीच्या हातांतले ज्ञान यामुळे टिकले हे खरेच. पण ‘बरोबर’ माशी कोणती हे ठरवण्याचा अधिकारही विक्रेत्याकडे गेला. माझ्या मते या ग्रंथाचे ऐतिहासिक महत्त्व या दुसऱ्या गोष्टीत अधिक आहे.

घरची बांधणी मात्र थांबली नाही. १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील रसेल ब्लेसिंग यांनी लहान तोंडाच्या बाससाठी ‘वुली बगर’ बांधली. पाण्यातल्या एका मोठ्या अळीची ती नक्कल होती. आज ती जगभर बांधली जाते.

पिसे कोठून आली?

आता भारताकडे वळू. अमेरिकेतील हौशी माणसाच्या टेबलावर कोंबड्याच्या मानेची जी स्वस्त पिसे असत, त्यांतली पुष्कळशी अनेक दशके भारतातून जात. पिसांसाठी खास पैदास केलेल्या अमेरिकी कोंबड्यांचा जम १९७० च्या दशकापासून बसला, तेव्हा हे चित्र बदलले.

याहून मोलाची होती ती राखी रानकोंबड्याची पिसे. हा पक्षी सह्याद्रीसह दक्षिण भारताच्या जंगलांत राहतो. नराच्या मानेवरील पिसांवर मेणासारखे चकचकीत पिवळट-पांढरे ठिपके असतात. माशीच्या दोन्ही बाजूंना असे पीस लावले की माशाच्या डोळ्याचा भास होतो. व्हिक्टोरियन काळातील सामन-माश्यांत या पिसांना फार मागणी होती आणि अमेरिकी माश्यांतही ती शिरली. पक्ष्याला जंगलात फासे लावून पकडणाऱ्याचा पत्ता विक्रीच्या यादीत नसतो. बार्ट्रामच्या होडीतल्या माणसासारखाच तोही निनावी.

१९०२ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांची कातडी व पिसे निर्यात करण्यावर बंदी घातली. अमेरिकेने १९१३ च्या जकात कायद्यात रानपक्ष्यांच्या पिसांची आयात रोखली. या बंद्यांमागे मुख्यतः स्त्रियांच्या टोप्यांवरील पिसांचा वाद होता. गळाच्या माश्यांचे नाव त्यात क्वचितच येई. पुढे अमेरिकी जकात कायद्याने मासेमारीच्या माश्यांसाठी खास सवलत ठेवली: वर्षाला राखी रानकोंबड्याची जास्तीत जास्त ५,००० कातडी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला संरक्षण दिले. आता ब्रिटनमध्ये पिंजऱ्यात वाढवलेल्या रानकोंबड्यांची पिसे विकली जातात, आणि ज्यांना ती परवडत नाहीत ते प्लॅस्टिकच्या पातळ चकतीवर ठिपका रंगवून काम भागवतात.