रूडीमामा आणि मरियाने मावशी

गेरहार्ड रिश्टर हे जर्मन चित्रकार १९३२ साली ड्रेस्डेनमध्ये जन्मले. १९६५ मध्ये त्यांनी घरच्या जुन्या फोटोंवरून दोन चित्रं रंगवली. एकात हिटलरच्या सैन्याच्या गणवेशातला हसरा रूडीमामा. तो १९४४ मध्ये युद्धात मारला गेला. दुसऱ्यात त्याचीच बहीण मरियाने, पुढ्यात तान्हा रिश्टर. तिला मनोरुग्ण ठरवून नाझींनी आधी तिची नसबंदी केली, मग १९४५ मध्ये इस्पितळात उपाशी ठेवून मारलं. ओल्या रंगावर ब्रश ओढून रिश्टरनी दोघांनाही सारखंच धूसर केलं. आम्हा फौजींच्या घरी गणवेशातल्या फोटोला हार असतो. रिश्टरनी मामाला हार घातला नाही, फोटो लपवलाही नाही. नाझींनी १९४२ मध्ये बेचिराख केलेल्या लिडिस या चेक गावाच्या कलासंग्रहाला त्यांनी ते चित्र देऊन टाकलं.