कावळा, तित्तर आणि दोन याद्या

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, तेव्हा त्याला प्राणी-पक्ष्यांच्या याद्या जोडलेल्या होत्या. त्यातली पाचवी यादी उपद्रवी जिवांची. उंदीर, घुशी, फळं खाणारी वटवाघळं आणि आपला नेहमीचा कावळा. यांना मारायला परवाना लागत नसे. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि ही यादीच रद्द झाली. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं कावळा हा कायद्याच्या दृष्टीनं कुणीही मारावा असा पक्षी होता.

पण मारला कुणी? इंग्लंड-अमेरिकेत थंडीच्या दिवसांत कावळ्यांची शिकार हा शेतकऱ्यांचा आणि हौशी लोकांचा जुना नाद आहे. वर्षानुवर्षांचा एक जोडीदार घ्यायचा, पहाटे शेताच्या कडेला लपायचं, खोटा कावळा मांडायचा, शिट्टीनं त्याचा आवाज काढायचा आणि खरे कावळे खाली उतरायची वाट बघायची. आपल्याकडे घोड आणि भीमेच्या काठी दहाव्याला लोक याच पक्ष्याची हात जोडून वाट बघतात. पिंडाला कावळा शिवेपर्यंत माणसं उन्हात ताटकळतात. ज्याच्यासाठी पूर्वज खोळंबतात त्याच्यावर बंदूक कोण रोखणार?

मात्र थंडीतली पहाट, भुलवणारा पक्षी आणि जुना जोडीदार ही शिकारीची रीत आपल्याकडे होतीच. शिरूर, दौंड, श्रीगोंदा, कर्जत हा सगळा कमी पावसाचा, गवताळ माळांचा पट्टा. इथला शिकारी होता फासेपारधी, पक्षी होता तित्तर, आणि जोडीदारही तित्तरच.

तित्तर रात्री बाभळीवर किंवा काटेरी झुडपात बसतो आणि फटफटायच्या सुमारास ओरडायला लागतो. नर भांडखोर असतो. आपल्या हद्दीत दुसऱ्या नराचा आवाज आला की तो धावून जातो. पारध्याची सगळी विद्या या एका स्वभावावर उभी होती. पिल्लापासून पाळलेला नर पिंजऱ्यात घालून माळावर न्यायचा. पिंजऱ्याभोवती फाशांची रांग मांडायची. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे बारीक फास, बांबूच्या खुंट्यांनी जमिनीत रोवलेले. मग माणसानं लांब जाऊन गप्प बसायचं. पिंजऱ्यातला तित्तर ओरडतो, माळावरचा उत्तर देतो, चिडून जवळ येतो आणि त्याचा पाय फासात अडकतो. हिवाळ्यात उत्तरेकडून लावे येतात आणि रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्यात उतरतात, त्यामुळे या दिवसांत शिकारीला आणखी भर असे.

यात बंदूक नाही, बार नाही. जे काही आहे ते पक्ष्याला तयार करण्यात. माणसाच्या हातात न बुजणारा, माळावर नेल्यावर लगेच ओरडणारा आणि समोरचा नर अंगावर आला तरी गप्प न होणारा तित्तर एका दिवसात होत नाही. असा पक्षी म्हणजे त्या घराची मिळकत होती. काळविटासाठी असाच बैल तयार केलेला असे. शिकारी त्याच्या आडोशानं, तो चरतोय अशा चालीनं, कळपाच्या जवळ जाई. चितापारधी तर चित्ते जिवंत धरत आणि ते संस्थानिकांच्या शिकारखान्यात जात. एका जनावराच्या मदतीनं दुसरं जनावर धरायचं, हेच या सगळ्यांचं शास्त्र.

ब्रिटिशांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड काढले, त्यात पारध्यांच्या पोटशाखा आणि त्यांची फास लावायची रीत नोंदवलेली आहे. पण त्याच सरकारच्या दप्तरात एक वेगळी यादीही तयार होत होती. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तरेपुरता होता. १९११ च्या कायद्यानं तो देशभर लागू करायची सोय झाली आणि १९२४ मध्ये सगळी कलमं एकत्र केली गेली. मुंबई इलाख्यातल्या अनेक जमाती या यादीत आल्या. त्यात पारधीही होते.

या कायद्याविषयी वाचताना आपण ‘जन्मजात गुन्हेगार’ या शिक्क्यावर थांबतो. शिक्का भयंकर होताच, पण पोटावर पाय आला तो हजेरीनं. नोंद झालेल्या माणसानं ठरलेल्या वेळी पोलिसांपुढे किंवा गावच्या पाटलापुढे हजर राहायचं आणि परगावी जायचं तर दाखला घ्यायचा. तित्तराचा शिकारी रात्रीच माळ गाठतो, कारण उजाडायच्या आत फास मांडून व्हावे लागतात. ज्या वेळी त्याचं काम सुरू होतं, नेमक्या त्याच वेळी त्यानं घरी सापडावं अशी सरकारची अपेक्षा होती. माळावर सापडला तर तो पारधीला निघालाय की दरोड्याला, हे ठरवायचा अधिकार दुसऱ्याच्या हातात होता. पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी कुंपणाच्या आत वसाहती झाल्या आणि तिथली माणसं कापडगिरण्यांत कामाला लावली गेली. गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या घरात शिकारीचा तित्तर कोण आणि कशासाठी तयार करणार?

३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं तेही १९५२ सालीच. चितापारध्याच्या डोक्यावरचा शिक्का निघाला, तेव्हा त्याचा जोडीदार संपलेला होता. मुंबई राज्यात १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि जमातीवरचा संशय नव्या नावानं चालू राहिला.

मग आली १९७२ ची यादी. तीत सुरुवातीला छोट्या शिकारीसाठी परवान्याची सोय होती. ज्याच्याकडे बंदूक, कागद आणि साहेबाची ओळख होती त्याला ती वापरता आली. फास लावणाऱ्याच्या हाती यातलं काहीच नव्हतं. १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकार सगळ्यांनाच बंद झाली. हे योग्यच झालं, असं मला वाटतं. तित्तर, लावा, काळवीट राहायचे असतील तर दुसरा इलाज नव्हता. पण वर्ष बघा. पारधी आधी माणसांच्या यादीत गुन्हेगार होता. तिथून सुटला आणि वीस वर्षांत पक्ष्यांच्या यादीमुळे पुन्हा गुन्हेगार झाला. दोन्ही वेळा गुन्हा एकच होता, पहाटे माळावर असणं. मधल्या वीस वर्षांत त्याला जमीन किंवा दुसरा धंदा मिळेल याची तजवीज फारशी झाली नाही. त्याच्या माहितीतला जो एक पक्षी मारायला मोकळा ठेवला होता, तो कावळा.

दरम्यान माळही राहिला नाही. चिंचणीला घोड धरण झालं, कालवे आले, ऊस आला आणि उसात बिबट्या आला. रांजणगाव-कारेगावच्या जमिनींवर औद्योगिक वसाहत उभी राहिली. गवताळ रान सरकारी कागदावर ‘पडीक’ म्हणून लिहिलं जातं, म्हणून ते सगळ्यात आधी जातं. रेहेकुरीला १९८० मध्ये काळविटांसाठी आणि सुप्याला १९९७ मध्ये चिंकारांसाठी अभयारण्यं झाली. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. तित्तराला फासानं जितकं मारलं असेल, त्याहून जास्त नांगरानं आणि बुलडोझरनं बेघर केलं. त्यांचं नाव कोणत्याही गुन्हेगारांच्या यादीत नाही.

फासेपारधी आज महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत. पण जातीच्या दाखल्यासाठी जुने कागद लागतात, आणि भटक्या माणसाकडे कागद कुठून असणार? गावात चोरी झाली की पहिली झडती अजूनही त्यांच्याच पालांची होते.

एक वेगळी वाटही दिसते. वाशीम-अकोला भागात ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांना बरोबर घेऊन गवताळ माळ राखते. तिथं तणमोर हा दुर्मिळ पक्षी उतरतो. तणमोर गवतात कुठं बसतो आणि माळ कधी चरायला बंद ठेवावा, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे त्यांनाच आता राखणदार केलं आहे. ज्ञान तेच, फक्त शेवटी फास नाही. हे शिरूर-दौंडच्या उरलेल्या तुकड्यांवरही करता येईल. त्यासाठी पारध्यांच्या बाबतीत आपण आजवर टाळलेली एक गोष्ट करावी लागेल. पहाटे माळावर दिसलेल्या माणसाला तू इथं काय करतोस, असं दरडावण्याआधी तुला इथलं काय माहीत आहे, असं विचारावं लागेल.