शंख, चक्र आणि रेल्वेचे तिकीट

१ जुलै २०२५ पासून रेल्वेच्या संकेतस्थळावर तत्काळ तिकीट काढायचे तर आपले खाते आधार क्रमांकाशी पडताळून घ्यावे लागते. १५ जुलैपासून मोबाइलवर येणारा, एकदाच चालणारा सांकेतिक अंकही द्यावा लागू लागला. खोट्या नावांची खाती उघडून यंत्राच्या वेगाने तिकिटे उचलणाऱ्यांना आवर घालणे हा यामागचा हेतू. पण समोर असलेला किंवा नसलेला माणूस ‘तोच’ कशावरून, हा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे आणि त्याच्या उत्तराचा मोठा भाग बंगालमध्ये घडला.

१८५८ साली जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला आणि कागदामागे त्याच्या अख्ख्या तळव्याचा ठसा घेतला. (हा हर्शेल म्हणजे युरेनसचा शोध लावणाऱ्या हर्शेलचा नातू.) त्यात शास्त्र काहीच नव्हते. करार मी केलाच नाही, असे नंतर म्हणायची कोनाईची छाती होऊ नये, एवढेच. पुढे मात्र हर्शेलला ठसे जमवण्याचा छंदच लागला. वर्षे उलटली तरी बोटांवरच्या रेषा बदलत नाहीत, हे त्याने स्वतःच्याच ठशांवर पडताळले. १८७७ मध्ये हुगळी येथे त्याने निवृत्तिवेतन आणि दस्तनोंदणी यांसाठी ठसे घेणे सुरू केले.

दोन ठसे जवळ ठेवून ताडून पाहणे सोपे. हजारो कागदांतून एक ठसा शोधायचा कसा? ही अडचण कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या पोलिसांतील दोघांनी सोडवली. आपण लहानपणी बोटांवरचे शंख आणि चक्रे मोजतो ना, तेच त्यांनी केले, पण हिशेबाने. दहा बोटांच्या पाच जोड्या केल्या. एका जोडीत चक्र असण्या-नसण्याच्या शक्यता ४. म्हणून पाच जोड्यांच्या ४×४×४×४×४ म्हणजे १०२४. बत्तीस ओळी आणि बत्तीस रकाने असलेले कपाट केले की प्रत्येक कागदाला आपला कप्पा मिळतो. वर्गात शाईचा पॅड घेऊन हे जरूर करून पाहावे. शंखच जास्त असल्यामुळे काही कप्प्यांत गर्दी होते, हे मुलांच्या चटकन लक्षात येईल. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय सुरू झाले, १९०१ मध्ये ही रीत लंडनला गेली, आणि तिला नाव मिळाले ते वरिष्ठ अधिकारी एडवर्ड हेन्री यांचे. आमच्या मते हा अन्यायच होता.

‘हा कोण?’ आणि ‘हा तोच का?’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत. आधारच्या नोंदणीत पहिला विचारला जातो: नव्या माणसाचे ठसे व डोळ्यांतील बुबुळे आधीच्या सर्व नोंदींशी ताडली जातात. (आधार क्रमांकांचे वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावापासून सुरू झाले.) तिकीट काढताना दुसरा प्रश्न पुरतो. मात्र मोबाइलवरचा अंक फोन कोणाच्या हाती आहे एवढेच सांगतो. बोट कोणाचे, ते नाही. उलट बोटावर भिस्त ठेवावी तर खडी फोडणाऱ्यांच्या आणि विटा वाहणाऱ्यांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात, आणि यंत्र त्यांना ओळखत नाही.