चाकावरचा लेप आणि लेपाखालचा इतिहास

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी देशभर स्वतंत्र नोंदणीची सोय झाली. क्रमांकपट्टीवर ‘व्हीए’ ही अक्षरे, शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. अट महत्त्वाची आहे : गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी, चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. चाकांच्या रंगाविषयी नियम काही म्हणत नाही. तो निर्णय मालकावर आणि कारागिरावर सोपवलेला आहे, आणि आज त्याचे उत्तर बहुधा एकच असते : पावडर कोटिंग.

हे उत्तर वयाने तरुण आहे. मोटारीच्या आरंभकाळी चाकांना बग्गीचाच रंग मिळे. हाताने दिलेले अनेक थर वाळायला आठवडे लागत. पुढे भट्टीत भाजलेले काळे इनॅमल आले. १९०६ मध्ये इंग्लंडमधील थॉमस वॉट्स कॉस्लेट याने तप्त फॉस्फोरिक आम्लाच्या साहाय्याने पोलादावर फॉस्फेटचा थर चढवण्याचे पेटंट घेतले. आजही पावडरखाली जो फॉस्फेटचा पाया घालतात, त्याचा हा पूर्वज. १९२० नंतरच्या दशकात नायट्रोसेल्युलोज लॅकरने वाळण्याचा वेळ तासांवर आणला. या द्रवरूप रंगांची एक उणीव सामाईक होती. द्रावक उडून गेल्यावर उरणारा थर पातळ, आणि कडांवर तर त्याहूनही पातळ. खडी उडून चाकावर आदळते ती नेमकी तिथेच, आणि गंजाची सुरुवातही तिथूनच होते.

द्रावकच वगळावा, ही कल्पना जर्मनीतील एर्विन गेमर यांनी प्रत्यक्षात आणली. १९५३ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्यांच्या रीतीत हवेच्या झोताने प्लॅस्टिकची भुकटी द्रवासारखी खेळती ठेवत आणि तापवलेली वस्तू तीत बुडवत. भुकटी वितळून वस्तूला चिकटे. लेप भक्कम, पण जाड. १९६०च्या दशकात विद्युतभारित फवारा आला आणि पद्धतीचे रूपच पालटले. भुकटीच्या कणांना काही दशसहस्र व्होल्टचा भार द्यायचा, चाक भूमीला जोडायचे. कण आपसूक धातूकडे ओढले जातात. मग सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसला दहा-वीस मिनिटे भाजले की राळेचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि साधारण ६० ते ८० मायक्रॉनचे अखंड कवच तयार होते. आरंभीच्या इपॉक्सी भुकट्या उन्हात खडूसारख्या पांढुरक्या पडत. पॉलिएस्टरने तो दोष बराचसा दूर केला.

भारतासारख्या देशात या कवचाचे मोल वेगळे सांगायला नको. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि कडक ऊन हे तिन्ही एकाच किनाऱ्यावर भेटतात. तमिळनाडूतील कारैकुडी येथे १९४८ मध्ये पायाभरणी झालेल्या केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्थेने धातूंचे क्षरण हा आपल्या अभ्यासाचा प्रमुख विषय मानला, तो उगाच नव्हे.

तरीही जुने चाक म्हणजे नव्या कारखान्यातील सुटा भाग नव्हे. तारांच्या आऱ्यांचे चाक घ्यावे. आरे जिथे एकमेकांना छेदतात, तिथल्या खोबणीत विद्युतक्षेत्र शिरतच नाही. भुकटी बाहेरच्या कडांवर साचते आणि आतला कोपरा उघडा राहतो. शिवाय जोडलेल्या चाकावर लेप दिला तर आऱ्यांच्या टोकांचे नट त्यात गाडले जातात. पुढे आरे ताणून चाक सरळ करायचे म्हटले की लेप तडकतो. नट बसण्याच्या शंकूवर लेप राहिला तर तो दाबाखाली चेपतो आणि घट्ट आवळलेला नट सैल पडतो. ही बाब सौंदर्याची नसून जिवाची आहे. ॲल्युमिनियमच्या चाकाचा धोका आणखी गुप्त आहे. जुना रंग जाळून काढणाऱ्या भट्टीत तापमान ३५० अंशांपलीकडे जाते, आणि उष्णतासंस्काराने मिळवलेले मिश्रधातूचे बळ त्यात नाहीसे होते. चाक दिसते मात्र पूर्वीहून देखणे. तडे शोधण्याचे काम म्हणूनच लेपापूर्वी व्हायला हवे. नंतर ते झाकले जातात.

उरतो तो पुराव्याचा प्रश्न. वाळूच्या माऱ्याने चाक स्वच्छ होते तेव्हा गंजाबरोबर सारे जुने थरही जातात : कारखान्याची मूळ छटा, हाताने ओढलेली बारीक रेघ, मधल्या मालकांनी चढवलेले रंग. या थरांचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येतो. भुकटी झालेले थर वाचता येत नाहीत.

इथे एका चाकाची आठवण ठेवायला हवी. वेल्समधील लानेथ्ली गावच्या स्टेपनी रस्त्यावर टी. एम. डेव्हिस यांनी १९०४ मध्ये आरे नसलेले सुटे चाक बनवले. त्या नावावरून आलेली ‘स्टेपनी’ भारतात आजही घरोघरी चालू आहे. जुन्या गाडीत डिकीतल्या अंधारात पडून राहिलेल्या स्टेपनीवर ऊन-खडीचा मारा कमी होतो, म्हणून मूळ रंग टिकण्याची शक्यता तिथे सर्वांत अधिक. जाणते कारागीर छटा जुळवताना आधी तिच्याकडे पाहतात. पाचही चाके एकाच वेळी भट्टीकडे रवाना झाली, तर पुढच्या कारागिराला पाहण्यासारखे काही उरत नाही.